लॉक लागतो तेव्हा

मकरपुऱ्यात, व्हॉल्व्हच्या कारखान्यामागे
भाड्याची लॅब. मे महिना. रात्रीचे साडेनऊ.
चिप तिसऱ्यांदा फॅबमधून परत आलेली,
नखाएवढी, गप्प, फोममध्ये खोचलेली.

मागणी म्हणे साधी:
दोनशे मेगाहर्ट्झ ते तीन गिगाहर्ट्झ
कुठेही बोलवा, तिनं तिथं जायचं,
आणि गेल्यावर थरथरायचं नाही.
स्थळ बघताना सांगावं ना, तसं:
जग फिरलेली हवी, पण उंबरा न ओलांडलेली.

ध्रुवी, तू नवी आहेस म्हणून सांगते.
ज्याला लांब पळता येतं
त्याला एवढासा धक्काही लांब नेतो.
कंट्रोलच्या तारेवर एक मिलिव्होल्ट हलला
की आखूड दाव्याचा ऑसिलेटर नुसती मान वळवतो,
आपला हा मोकाट
थेट छाणीपर्यंत जाऊन येतो.

पहिल्या चिपवर मी फिल्टर आवळला.
बाहेरचा गोंगाट दाराशी थांबला खरा,
पण ऑसिलेटरचा स्वतःचा कंप
कुणी वेळेवर दुरुस्तच करीना.
दुसरीवर सैल सोडला,
तर क्रिस्टलची बारीकशी चूक
ती इमानेइतबारे वीसपट करून सांगू लागली.
आठ महिने आणि साहेबांचे बरेचसे केस
यात गेले.

मग नवरात्रात नवलखीच्या मैदानावर
चणियाचोळी सावरत मी उशिरा पोचले.
हजारो माणसं, ढोल एकच.
उशिरा आलेली बाई आधी टाळी धरायला जात नाही.
आधी वर्तुळ निवडते:
बाहेरचं, गुडघे दुखणाऱ्यांचं,
की मधलं,
की अगदी आतलं, जिथं पोरं भिंगरीसारखी फिरतात.
वर्तुळ ठरलं
की उरतो फक्त अर्ध्या पावलाचा हिशेब.

या चिपवर म्हणून चौसष्ट पट्टे आहेत.
आधी ढोबळ मोजून पट्टा ठरवायचा,
मग लूपच्या हातात वीतभर लगाम.
वीतभरच.

तरी आज स्कोपवर एक कडा लोळत होती.
लॉक लागलेला, दिवा हिरवा,
आणि ही सरकते, थांबते, पुन्हा सरकते,
झोपेत कूस बदलावी तशी.
तू विचारलंस, चूक कुठे आहे?
चूक नाहीच, तीच तर अडचण.
दोन्ही कडा इतक्या जवळ आल्या
की ‘वर’ म्हणणाराही गप्प
आणि ‘खाली’ म्हणणाराही.

तेवढ्यात फोन वाजला. दांडिया बाजार.
“जेवलीस?”
“हो. तुम्ही?”
“खिचडी.”
“बरं.”
“बरं.”
नऊ सेकंद.

आई गेल्यावर आमचं भांडण झालं नव्हतं.
म्हणून तर चार महिने फोन नव्हता.
तक्रार कसलीच नव्हती कुणाची.
दिवाळीत गेले तेव्हा
बाबांनी चष्मा बदललेला,
आणि तो नवा आहे
हे मला शेजारच्या नयनाबेनकडून कळलं.

फोन ठेवून मी रजिस्टर उघडलं.
रीसेटच्या वाटेवर विलंब वाढवायची एक जागा
मीच ठेवली होती, भीतीपोटी.
दोन घरं पुढे सरकवलं.
आता दर फेरीला, काही बिघडलेलं नसतानाही,
‘वर’ एकदा बोलतो, ‘खाली’ एकदा बोलतो,
दोघांचं ऐकून बेरीज शून्य.
कडा बारीक होत गेली,
सुईत ओवता येईल इतकी.

तू टाळ्या वाजवल्यास. थांब जरा,
स्पेक्ट्रम बघ.
‘वर’ आणि ‘खाली’ अगदी सारखे कधीच नसतात,
एकाचा हात किंचित जड पडतो.
म्हणून मुख्य रेषेच्या दोन्ही अंगांना
एकेक लहान काटा उभा राहतो.
तो राहू दे.
खोडू नकोस, झाकू नकोस.
मोज, आणि डेटाशीटमध्ये लिही.